आठवीत नव्याने आलेली मुलं रुळावीत म्हणून

जिल्हा परिषदेच्या सातवीपर्यंतच्या शाळेतून आलेलं मूल हायस्कूलमध्ये आधी अडखळतं ते अभ्यासात नाही, तर वेळापत्रकात. तिथे एक-दोन गुरुजी दिवसभर असायचे, इथे तासागणिक शिक्षक बदलतात. म्हणून पहिले दोन आठवडे वर्गशिक्षकांनी शेवटची दहा मिनिटं राखून ठेवावीत: उद्याचे तास फळ्यावर लिहायचे आणि त्याप्रमाणे वह्या-पुस्तकांची यादी मुलांकडून करून घ्यायची. नुसतं छापील वेळापत्रक वाटलं, तर मुलं भीतीपोटी रोज सगळंच दप्तर उचलून आणतात.

गृहपाठासाठी फळ्याचा एक कोपरा ठेवा. प्रत्येक शिक्षकाने तिथेच लिहावं. दोन विषय आधीच असतील तर तिसऱ्याने थांबावं. हे ठरलं नाही की चार विषयांचा गृहपाठ एकाच संध्याकाळी येतो आणि दुसऱ्या दिवशी मूल गैरहजर.

एका गावची दोन मुलं एका बाकावर राहू द्या, पुढच्या बाकावर दुसऱ्या गावची. पहिल्या घटक चाचणीनंतर जागा बदला. आधीच फोडलं तर मूल गप्प होतं.

एसटीने येणाऱ्यांच्या पासाचे दाखले पहिल्याच आठवड्यात द्या. ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत मोफत पास मिळतो, हे पालकांना आवर्जून सांगा.

आणि स्वच्छतागृह पहिल्याच दिवशी दाखवा. विचारायला लाजून कितीतरी मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत, मग दुपारी डोकं दुखतं.