गावात जाऊन लोकवाद्यं रेकॉर्ड करताय? या चुका टाळा

रेकॉर्डर आता खिशात मावतो, त्यामुळे जत्रेतली हलगी, गोंधळातला संबळ, वारली पाड्यावरचा तारपा, चतुर्थीतलं घुमट असं सगळं भरपूर रेकॉर्ड होतं. त्यातलं बरंचसं मात्र दुसऱ्यांदा ऐकण्याजोगं नसतं. मशीन महाग घेतलं म्हणून यात फरक पडत नाही. वाद्याचा आवाज नेमका कुठून निघतो हे न पाहता माइक उभा केला जातो, आणि पुढचं सगळं तिथूनच बिघडत जातं. म्हणून आधी वाद्याबद्दल, मग यंत्राबद्दल.

वाद्याचं तोंड न ओळखता माइक लावणं

गोव्याचं घुमट घ्या. मातीचं मडकं, दोन्ही बाजूंनी उघडं. मोठ्या तोंडावर चामडं ताणलेलं, लहान तोंड मोकळं. उजव्या हाताची थाप चामड्यावर पडते आणि डावा तळवा मागचं तोंड उघडत-झाकत राहतो. घुमटाचा तो खाली-वर होणारा घुमारा या मागच्या तोंडातून येतो. माइक चामड्यासमोर धरला की नुसती ‘टप टप’ मिळते आणि ऐकणाऱ्याला ते साधा डफ वाटतं. माइक वाद्याच्या बाजूला, साधारण ८० ते १०० सेंटिमीटरवर ठेवा, म्हणजे दोन्ही तोंडं त्याला सारख्याच अंतरावर पडतील. घुमटाबरोबर समेळ (काठीने वाजवायचा ढोल) आणि कांसाळं (झांजांसारखं धातूचं वाद्य) असेल तर कांसाळंवाल्याला चार पावलं मागे उभं राहायची विनंती करा. धातूचा तो आवाज जवळून आला तर बाकी सगळं झाकतो.

(जुनी घुमटं घोरपडीच्या चामड्याची असत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते बंद झालं आणि आता बकऱ्याचं चामडं वापरतात. दोन्हींचा आवाज वेगळा असतो. म्हणून चामडं कशाचं आहे, घुमट किती जुनं आहे हे नोंदीत लिहाच.)

तारप्यात उलटी चूक होते. दुधी भोपळा, त्यात बसवलेल्या दोन बांबूच्या नळ्या आणि पुढे ताडाच्या पानांचा लांब कर्णा. कर्णा दिसला की हौशी माणूस माइक थेट त्याच्या तोंडात धरतो. मग भरड भणभण येते आणि बोटांखाली फिरणारी चाल हरवते. वादकापासून दीड-दोन मीटरवर, छातीच्या उंचीवर माइक ठेवा. त्याचा रोख कर्ण्याच्या टोकाकडे नको, नळ्या आणि कर्णा यांच्या मधोमध हवा.

शिवाय तारपकरी एका जागी उभा राहत नाही. तो वाजवत फिरतो आणि नाचणाऱ्यांची साखळी त्याच्याभोवती. रेकॉर्डर रिंगणाबाहेर ठेवलात तर प्रत्येक फेरीला आवाज जवळ येतो, लांब जातो. नाचाची नोंद म्हणून हे रेकॉर्डिंग हवंच, पण तेवढ्यावर थांबू नका. नाच संपल्यावर, दम खाऊन झाल्यावर, त्याच चाली एका जागी उभं राहून वाजवायला सांगा. एक नाचाचं, एक वाद्याचं, अशी दोन रेकॉर्डिंगं घेऊनच परता. तारपकरी वाजवताना फुंक तोडत नाही. गालातली हवा सोडता सोडता नाकाने श्वास घेतो. तो नाकाचा बारीक आवाज रेकॉर्डिंगमध्ये येतो आणि तो तसाच राहू द्यायचा. तोंडी सांगून न कळणारं तंत्र त्यातून ऐकू येतं.

तुणतुण्याची अडचण अशी की ते कायम संबळाच्या शेजारी असतं आणि संबळ त्याला गिळतो. लेव्हल वाढवून उपयोग नाही, संबळही तितकाच वाढतो. माणसांच्या जागा बदला. तुणतुणंवाला माइकपासून ५०-६० सेंटिमीटरवर, गाणारा एक मीटरवर, संबळ अडीच-तीन मीटरवर. शिवाय दोन मिनिटं तुणतुणं एकट्याचं घ्या. एकटा संबळ घेताना स्टिरिओ माइक त्याच्या अगदी समोर लावू नका. संबळाची दोन भांडी डाव्या-उजव्या कानात इतकी फाकतात की दोन वेगळे वादक वाजवताहेत असं वाटतं. दीड मीटर अंतर पुरे.

झणझण म्हणजे खराबी समजून ती काढून टाकणं

ही चूक जगभर होते आणि सगळ्यात जास्त नुकसान तीच करते. झिम्बाब्वेतल्या शोना लोकांच्या म्बिराला धातूच्या पट्ट्या असतात आणि त्याच्या फळीवर शिंपले किंवा बाटल्यांची झाकणं मुद्दाम अडकवलेली असतात. प्रत्येक सुराबरोबर ती झणझणतात. शोना वादकाला त्या झणझणीशिवाय वाद्य अपुरं वाटतं. आपल्याकडे दिमडीला लावलेल्या चकत्या, तुणतुण्याच्या तारेचा तो सततचा झंकार, चौंडक्याची ओढून सोडलेली तात, सगळ्यांत तीच गोष्ट. घरी आल्यावर कॉम्प्युटरवर ‘नॉइज रिडक्शन’ची कळ दाबली की यंत्राला यातला प्रत्येक आवाज कचरा वाटतो. झंकार कापला जातो आणि उरलेला सूर पाण्याखालून आल्यासारखा वाटतो.

इंडोनेशियातल्या बाली बेटावरच्या गामेलानमध्ये, म्हणजे धातूच्या वाद्यांच्या ताफ्यात, यापेक्षा नाजूक प्रकार आहे. वाद्यं जोडीने बनवतात आणि जोडीतलं एक मुद्दाम किंचित चढं लावतात. एकाचा सूर ४०० हर्ट्झ आणि जोडीदाराचा ४०७ असेल, तर दोन्ही एकत्र वाजल्यावर आवाज सेकंदाला सात वेळा हेलकावतो. ती लहर हा त्या संगीताचा प्राण. माइक एकाच वाद्याजवळ ठेवला तर लहर गायब, आणि ऐकणारा म्हणतो सूर सपाट आहे. जोडीचं वाद्य असेल तर माइक दोघांच्या मध्ये, हा नियम कुठेही लागू पडतो.

म्हणून वादकाला आधी विचारा: हा आवाज हवा आहे की चुकून येतोय? कधी सैल खुंटी खरंच वाजत असते. वादक ती क्षणात घट्ट करून देतो.

लेव्हल आधीच्या चाचणीवर सोडून देणं

चाचणीच्या वेळी माणूस हात राखून वाजवतो. रंगात आला की हलगी, संबळ, ढोल सहज ६ ते १० डीबीने (डेसिबलने) वाढतात. रेकॉर्डरच्या मीटरवर शून्य म्हणजे कमाल मर्यादा, म्हणून तालवाद्याच्या चाचणीत सगळ्यात मोठी थाप उणे १८ डीबीपर्यंतच जाऊ द्या. तंतुवाद्याला आणि गाण्याला उणे १२ चालेल. फॉरमॅट वेव्ह, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. २४ बिटमध्ये लेव्हल कमी राहिली तरी नंतर वाढवता येते. शून्याला आदळलेली थाप मात्र परत मिळत नाही.

‘ऑटो लेव्हल’ (मशीनने आपोआप लेव्हल कमी-जास्त करणं) बंद करा. ती चालू असेल तर हलगीच्या थापेनंतर गाणाऱ्याचा आवाज खाली दबतो आणि थाप थांबली की मागचे रातकिडे हळूहळू वर येतात. ३२ बिट फ्लोटचे, म्हणजे कितीही मोठा आवाज फाइलमध्ये मावणारे, रेकॉर्डर आल्यापासून अनेकांनी लेव्हलकडे बघणंच सोडलंय. फाइल फुटत नाही हे खरं, पण माइकच्या आतला पडदा सोसेल त्याला मर्यादा आहेच. ती माहितीपत्रकात ‘कमाल ध्वनिदाब’ म्हणून दिलेली असते. हलगीपासून एका हातावर धरलेल्या माइकचा आवाज ३२ बिटमध्येही फुटू शकतो. उपाय साधा आहे: दोन पावलं मागे या.

‘लो कट’ चालू ठेवणं आणि वाऱ्याला स्पंज पुरेल असं मानणं

‘लो कट’ खालचा आवाज कापतो. वाऱ्याचा त्रास कमी होतो, पण घुमटाचा घुमारा आणि ढोलाचं पोटही त्यातच जातं. तो बंद ठेवा आणि माइकला केसाळ फरचं आवरण घाला. स्पंजचं टोपडं खोलीत किंवा मंद झुळकेत ठीक, माळावर आणि समुद्रकाठी त्याचा उपयोग नाही. आडोशाला झाडांची रांग किंवा कुडाची भिंत चालते. सपाट सिमेंटच्या भिंतीपासून तीन मीटर तरी दूर राहा, नाहीतर थापेमागे थाप ऐकू येईल. पत्र्याचं शेड आणि फरशीचं समाजमंदिर शक्यतो टाळा. सारवलेलं अंगण त्यापेक्षा कितीतरी चांगलं.

रेकॉर्डर हातात धरू नका, बांगडी-अंगठीचा प्रत्येक आवाज येतो. ट्रायपॉड हवा, आणि तो वादक बसलाय त्या सतरंजीवर नको. थापांचा हादरा पायांतून वर चढतो. घडी घातलेला जाड टॉवेल खाली ठेवला तरी बराच फरक पडतो.

सुराची आणि ताणाची नोंद न घेणं

बर्लिनच्या फोनोग्राम संग्रहाची स्थापना १९०० सालची. तिथल्या मेणाच्या नळीवरच्या रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला ४३५ हर्ट्झची शिट्टी फुंकून ठेवायची पद्धत होती. नंतर कोणत्या वेगाने ऐकायचं हे त्यावरून ठरत असे. आज वेग बिघडत नाही, पण वाद्य कसं लावलं होतं हा प्रश्न तसाच आहे. चालींव्यतिरिक्त हे वेगळं घ्या: प्रत्येक तार सुटी छेडून, प्रत्येक भोक बंद-उघड करून निघणारा सूर, तालवाद्याचा प्रत्येक बोल तीन-तीन वेळा सावकाश, आणि वादकाने तोंडाने म्हटलेले बोल. पाच मिनिटांचं हे काम पुढे शिकणाऱ्याला तासाभराच्या कार्यक्रमापेक्षा जास्त उपयोगी पडतं.

हलगीचं आणखी एक. ती जाळावर तापवून चढवतात आणि गार होऊ लागली की उतरते, दमट हवेत तर फारच लवकर. तुम्ही केबल जोडत बसलात आणि हलगी आधीच तापवून ठेवली, तर रेकॉर्ड होतो तो उतरलेला आवाज. आधी सगळी मांडणी, लेव्हल, हेडफोन तपासा, मग तापवायला सांगा. तापवल्यावर किती मिनिटांनी वाजवली तेही लिहा.

काय बिघडलंय ते आवाजावरून ओळखा

सतत बारीक ‘हूं’ येत असेल तर ती ५० हर्ट्झची विजेची घरघर. चार्जर काढा, बॅटरीवर चालवा, ट्यूबलाइट बंद करायला सांगा. तरीही येत असेल तर केबल बदलून बघा.

मध्येच ‘टर्र टर्र टर्र’ आलं तर जवळपासचा मोबाइल. फक्त तुमचा नाही, वादकाच्या खिशातलाही. विमान मोडवर टाका किंवा दहा पावलं लांब ठेवा.

आवाज पोकळ, नळीतून आल्यासारखा वाटतोय? दोन माइक एकमेकांना कापताहेत. माइक वाद्यापासून जितक्या अंतरावर आहे त्याच्या किमान तिप्पट अंतर दोन माइकमध्ये हवं. ३० सेंटिमीटरवर लावला असेल तर दुसरा ९० सेंटिमीटर लांब.

दोन वेगळे रेकॉर्डर वापरले आणि अर्ध्या तासाने आवाज मागे-पुढे झाला तर दोन्हींची घड्याळं किंचित वेगळी चालतात. सुरुवातीला आणि शेवटी, दोन्हीकडे ऐकू जाईल अशी एक टाळी वाजवा. जोडताना तेच खुणेचे दगड.

बॅटरी भरलेली असूनही रेकॉर्डर लवकर बंद पडतो, कारण चार्ज होणारे सेल १.२ व्होल्टचे असतात आणि मशीनला ते १.५ व्होल्टचे वाटतात. मेनूमध्ये बॅटरीचा प्रकार बदला. कार्ड रेकॉर्डरमध्येच फॉरमॅट करा, कॉम्प्युटरवर नको. २४ बिट ४८ किलोहर्ट्झ स्टिरिओला तासाला साधारण १ जीबी लागतं, तेव्हा ३२ जीबीचं कार्ड गावच्या कामाला पुरून उरतं.

यातलं बहुतेक सगळं कानाला बंद हेडफोन लावले असते तर जागेवरच कळलं असतं. हेडफोनशिवाय रेकॉर्डिंग सुरू करू नका.

माणसाला वाद्याच्या मागे ठेवणं

गोंधळ, जागरण, देवीचं चौंडकं हे विधीचे भाग आहेत. काही चाली त्या वेळेशिवाय वाजवत नाहीत. ‘नमुना म्हणून दोन मिनिटं वाजवा’ असा आग्रह धरला की समोरचा संकोचाने काहीतरी वेगळंच वाजवतो आणि नोंद चुकीची होते. कोणती चाल केव्हाची हे आधी विचारा, नकार आला तर तो नकारही वहीत लिहा.

रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तुमच्या आवाजात तारीख, गाव, तालुका, वाद्य सांगा आणि वादकाकडून त्याच्या भाषेत संमती घ्या: कुठे वापरायचं, इंटरनेटवर टाकायचं की नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात वादकाला स्वतःचे हक्क आहेत आणि ते ५० वर्षं टिकतात. मानधन वाजवण्याआधी ठरवा.

मूळ फाइलला हात लावू नका, साफसफाई नेहमी प्रतीवर. दोन वेगळ्या हार्ड डिस्क आणि तिसरी प्रत दुसऱ्या गावी. काम मोठं असेल तर गुरुग्रामच्या अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजमधल्या ‘आर्काइव्ह्ज अँड रिसर्च सेंटर फॉर एथ्नोम्युझिकॉलॉजी’सारख्या संग्रहाशी बोला. १९८२ पासून ते हेच काम करतात.

वादकाची प्रत एमपीथ्रीमध्ये, मेमरी कार्डवर द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचीच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे आहे तशी पोचेल. फाइलच्या नावात वाद्याआधी वादकाचं नाव लिहा.