लिनक्सवर प्रोप्रायटरी ड्रायव्हर टाकण्याआधी लिनक्सचं व्हर्जन कुठलं घ्यायचं ते बघा

एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर (प्रोप्रायटरी, म्हणजे कंपनीचा, कोड खुला नसलेला), व्हिडिओचे कोडेक (व्हिडिओ चालायला लागणारं सॉफ्टवेअर) वगैरे टाकताना जी डोकेफोड होते ना, त्यातली बरीचशी लिनक्सचं व्हर्जन चुकीचं घेतल्यामुळेच होते, म्हणून सुरुवात तिथून.

उबुंटू या लिनक्सच्या प्रकारात व्हर्जनच्या आकड्यातच वर्ष आणि महिना असतो, २४.०४ म्हणजे २०२४ चा एप्रिल. सम वर्षाच्या एप्रिलमध्ये येतं ते एलटीएस (लाँग टर्म सपोर्ट), त्याला ५ वर्षं अपडेट मिळतात आणि मधल्या व्हर्जनना फक्त ९ महिने, मग बसा परत अपग्रेड करत. पॅकेज देणाऱ्या बऱ्याच कंपन्याही एलटीएस धरूनच पॅकेज बनवतात, त्यामुळे मी तरी डोळे झाकून तेच घेतो. मशीन अगदी नवं असेल आणि वायफाय दिसतच नसेल तर एलटीएसचंच नंतरचं पॉइंट रिलीज (त्याच व्हर्जनची सुधारित आवृत्ती) घ्या, २४.०४.२ सारखं, त्यात कर्नल (लिनक्सचा गाभा) नवा असतो.

डेबियन हा लिनक्सचा दुसरा प्रकार वापरणाऱ्यांनी 'स्टेबल' व्हर्जन घ्यावं. अजून तपासणी चालू असलेलं 'टेस्टिंग' ताजं वाटतं खरं, पण त्यात सिक्युरिटी अपडेट उशिरा पोचू शकतात. डेबियन १२ पासून (२०२३) नॉन-फ्री फर्मवेअर (वायफायसारखं हार्डवेअर चालायला लागणारं, कोड खुला नसलेलं सॉफ्टवेअर) इन्स्टॉलरमध्येच येतं, आधी त्यासाठी वेगळी आयएसओ (इन्स्टॉलरची फाइल) शोधावी लागायची. पण एनव्हिडियाचा ड्रायव्हर हवा असेल तर सोर्सेसच्या फाइलमध्ये (पॅकेज कुठून घ्यायची याची यादी) मेनच्या पुढे कॉन्ट्रिब आणि नॉन-फ्री हे दोन शब्द टाकावे लागतातच (इंग्रजीत हं). फेडोरा या आणखी एका प्रकारावर हेच काम आरपीएम फ्युजनची रेपो (पॅकेजचं ऑनलाइन भांडार) जोडून होतं.

आता मुख्य गोष्ट, ड्रायव्हर रेपोमधूनच घ्या. उबुंटूवर 'अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स' उघडून रेकमेंडेड लिहिलेला निवडायचा, बस. मी एकदा शहाणपणा करून एनव्हिडियाच्या साइटवरनं डाउनलोड केलेली रन फाइल (थेट चालवायचा इन्स्टॉलर) चालवली, मस्त चाललं, आणि पुढच्याच कर्नल अपडेटला काळा स्क्रीन, कारण ड्रायव्हरचं मॉड्यूल (कर्नलला जोडला जाणारा भाग) जुन्या कर्नलसाठी बनलेलं आणि नव्यासाठी परत बनवायला कुणी नव्हतंच. रेपोमधला असेल तर कर्नल बदलला की डीकेएमएस नावाचं टूल ते आपोआप परत बनवतं.

सिक्युअर बूट (ओळखीची सही नसलेलं सॉफ्टवेअर लोड होऊ न देणारी सोय) चालू असेल तर अजून एक गंमत. मॉड्यूल तुमच्याच मशीनवर बनत असेल तर इन्स्टॉल होताना उबुंटू एक पासवर्ड ठरवायला सांगतं आणि रीस्टार्ट केल्यावर निळा स्क्रीन येतो. घाबरू नका, तिथे 'एनरोल एमओके' (म्हणजे तुमच्या मशीनची सहीची किल्ली नोंदवा) निवडून तोच पासवर्ड द्यायचा. हा स्क्रीन काही सेकंदच थांबतो, चहा आणायला उठलात की गेला, मग ड्रायव्हर इन्स्टॉल होऊनही लोड होत नाही आणि लोक उगाच ड्रायव्हरला शिव्या घालतात. चुकलंच तर मोकयुटिल या कमांडने ती किल्ली परत इम्पोर्ट करून पुन्हा रीस्टार्ट करा. पासवर्डमध्ये चित्रविचित्र चिन्हं नकोत, तिथे कीबोर्डचा लेआउट वेगळा असू शकतो.

कोडेक आणि फॉन्टसाठी 'उबुंटू रिस्ट्रिक्टेड एक्स्ट्राज' पॅकेज आहे. टर्मिनलमधून टाकताना मध्येच लायसन्सचं पान येतं आणि तिथे माउस चालत नाही, टॅब दाबून ओके वर जायचं मग एंटर. मी पहिल्यांदा तिथे दहा मिनिटं नुसता क्लिक करत बसलो होतो.