डिफरन्शियलचे दणकट कव्हर कसे बनवावे

डिफरन्शियल म्हणजे दोन्ही चाकांना इंजिनची ताकद वाटून देणारी, अ‍ॅक्सलच्या मधली गिअरपेटी. तिचे कंपनीचे कव्हर बहुधा दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे, प्रेसमध्ये दाबून काढलेले असते. साध्या रस्त्यावर तेवढे पुरते. खडकाळ वाटेवर मात्र ते दोन प्रकारे दगा देते. एक म्हणजे मधला फुगवटा आत चेपतो आणि क्राउन व्हीलच्या (आतल्या मोठ्या दातेरी चाकाच्या) दातांना घासू लागतो. दुसरा प्रकार जास्त वेळा घडतो: खालची कड दगडाला अडकते, पत्रा सोलल्यासारखा उचलला जातो आणि सगळे तेल वाटेवर सांडते. पुढच्या अ‍ॅक्सलचे कव्हर सहसा पुढे तोंड करून असते, त्यामुळे त्याला थेट धडक बसते. मागच्याला मार बसतो तो रिव्हर्स घेताना किंवा उंच पायरीवरून उतरताना. नुसता फुगवटा जाड केला तर पहिला दोष जातो, दुसरा जात नाही. त्यासाठी बोल्टची रिंग, म्हणजे कव्हरची बोल्ट बसणारी कड, जाड आणि सपाट हवी, आणि या कामातली खरी मेहनत तिथेच आहे.

आधी हाउसिंग, म्हणजे गिअर ज्यात बसतात ती अ‍ॅक्सलची पेटी, कोणत्या प्रकारचे आहे ते पाहा. बोल्टने बसवलेले कव्हर असेल तरच पुढचे सगळे लागू पडते. बॅन्जो हाउसिंगमध्ये गिअर पुढून उतरतात आणि मागचा घुमट हाउसिंगलाच वेल्ड केलेला असतो. तिथे बाहेरून संरक्षक प्लेट लावणे हाच मार्ग.

साहित्य थोडेच: रिंगसाठी १० किंवा १२ मिमी माइल्ड स्टीलची प्लेट, घुमटासाठी ६ मिमी, फिलर प्लगसाठी (तेल भरायच्या भोकाच्या बुचासाठी) आटे पाडलेला जाड बुश आणि नवे बोल्ट. जस्ताचा मुलामा असलेला माल घेऊ नका; वेल्डला बारीक छिद्रे पडतात आणि धूर विषारी असतो. तयार कव्हर साधारण पाच ते आठ किलोचे होते.

रिंग आखायला जुने कव्हरच साचा म्हणून वापरा, पण ते चेपलेले किंवा वाकलेले नसेल तरच. नाहीतर नव्या गॅस्केटवरून आखा. भोकांचे मध्य ट्रान्सफर पंचने (भोकातून घालून मध्याची खूण पाडणाऱ्या पंचने) उतरवा, नजरेने नको. एम ८ बोल्टला ९ मिमी आणि एम १० ला ११ मिमी भोक पुरते. दहा भोकांपैकी एक जरी मिलिमीटरभर सरकले तरी तो बोल्ट तिरका बसतो आणि हाउसिंगचे आटे खातो. आतली कड कापताना गॅस्केटची पूर्ण रुंदी शाबूत ठेवा. खालच्या अर्ध्या भागात बाहेरची कड थोडी वाढवून तिला उतार द्या, म्हणजे दगड अडकण्याऐवजी घसरून जाईल. बोल्टची डोकी वाचवायला दोन बोल्टांच्या मधे छोटे ठोकळे वेल्ड करता येतात. फक्त ते टॅक (ठिपक्याएवढे तात्पुरते वेल्ड) करण्याआधी प्रत्येक बोल्टवर सॉकेट बसवून पाहा. हे विसरले तर पुढे कव्हर उघडायला ग्राइंडर लागतो.

घुमटासाठी पुठ्ठ्याचे तुकडे कापून आकार जुळवा आणि मगच प्लेटला हात घाला. मधला तुकडा, वरचा, खालचा आणि दोन बाजूंचे अशा पाच-सहा तुकड्यांत काम भागते. आतला आकार शक्य तितका क्राउन व्हीलच्या गोलाईला धरून ठेवा. फिरणारे दात तेल उचलून कव्हरच्या भिंतीवर फेकतात आणि तिथून ते पिनियनकडे (क्राउन व्हीलला फिरवणाऱ्या छोट्या गिअरकडे) वळते. समोर सपाट उभी भिंत असली की तेल आपटून फेसाळते. आतली खोली मूळ कव्हरपेक्षा कमी होता कामा नये. लॉकर (दोन्ही चाके एकत्र फिरवणारे साधन) किंवा जाड गिअर बसवलेले असतील तर जास्तच लागेल. तुकडे टॅक झाले की आतून चिकणमातीचा जाड थर लावा, कव्हर दोन-चार बोल्टांवर बसवा आणि चाके हाताने फिरवून क्राउन व्हीलला पूर्ण फेरा द्या. जिथे माती सर्वात पातळ उरेल तिथेही ६ मिमी अंतर हवे. पाहून झाल्यावर मातीचा कणही आत राहता कामा नये. बाहेरूनही बघा: सस्पेन्शन पूर्ण दाबलेले आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवलेले असताना स्टिअरिंगचा टाय रॉड किंवा अ‍ॅक्सलला आडवे सरकू न देणारा पॅनहार्ड रॉड कव्हरला लागतो का?

आता वेल्डिंग. चालू गाडीच्या हाउसिंगवर कव्हर बसवून वेल्ड करू नका. उष्णतेने सील जळतात, ठिणग्या आत पडतात आणि अर्थिंग चुकीच्या जागी लागले तर करंट बेअरिंगमधून जाऊन त्यांवर खड्डे पाडतो. रिंग भंगारातल्या हाउसिंगवर किंवा २० ते २५ मिमी जाड प्लेटवर सगळ्या बोल्टांनी आवळा. तुकड्यांच्या कडांना उतार द्या, म्हणजे वेल्ड खोलवर जाईल. मिगने करत असाल तर ई-आर ७० एस-६ वायर, रॉडने करत असाल तर कोरडा ७०१८. आधी सगळीकडे टॅक, मग एका वेळी २५-३० मिमीचा टाका, आणि पुढचा टाका समोरच्या बाजूला. एका दमात गोल फिरून वेल्ड केले तर रिंगला हमखास बाक येतो. हात लावता येईल इतके थंड झाल्याशिवाय बोल्ट सोडू नका, पाणी तर अजिबात ओतू नका.

इतके करूनही रिंग थोडी वाकतेच. स्ट्रेट एज (अचूक सरळ पट्टी) ठेवून खाली फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घालून बघा. ०.१ मिमीच्या आत असेल तर सीलंट ते भरून काढतो. त्याहून जास्त असेल तर मिलिंगवर किंवा सरफेस ग्राइंडरवर तोंड सपाट करून घ्या. जाड रिंग बोल्ट आवळून सपाट होत नाही. पातळ पत्रा हाउसिंगवर दबून बसतो, ही बसत नाही, आणि गळतीचे मूळ बहुतेक वेळा इथेच असते. हँड ग्राइंडरने हे तोंड घासू नका, खड्डे पडतात.

फिलर प्लगची उंची मूळ भोकावरून घ्या, मोजमाप अ‍ॅक्सल ट्यूबच्या मध्यापासून करा. तेल कमी पडले तर पिनियनचे पुढचे बेअरिंग कोरडे पडते. जास्त झाले तर फेस येऊन ब्रीदरमधून (हाउसिंगच्या हवेच्या छिद्रातून) किंवा चाकाच्या सीलमधून बाहेर येते आणि ब्रेक तेलकट होतात. सस्पेन्शन उचलताना पिनियनचा कोन बदलला असेल तर पातळी नव्याने ठरवावी लागेल. हाउसिंगवरच फिलर असेल तर कव्हरला भोक पाडूच नका.

गळती तपासायला सांध्यांवर बाहेरून खडूचा पातळ लेप द्या, कव्हर वाटीसारखे उताणे ठेवून आत रॉकेल भरा आणि तासभर थांबा. जिथे खडूवर डाग उमटेल तिथे वेल्ड खरवडून पुन्हा भरा. वरून नुसता थर चढवला तर छिद्र आत तसेच राहते. पुन्हा वेल्ड करण्याआधी रॉकेल पूर्ण पुसून, धुऊन, वाळवून घ्या. आत उडालेला वेल्डचा प्रत्येक ठिपका आणि स्लॅग (वेल्डवरची कवची) छिन्नीने काढा. तो सुटून तेलात पडला तर थेट बेअरिंगमध्ये जातो.

बोल्टची लांबी मोजूनच घ्या. मूळ कड २.५ मिमीची आणि नवी रिंग १० मिमीची असेल तर मूळ बोल्टपेक्षा ७.५ मिमी जास्त लांब बोल्ट हवा. पण भोके आरपार नसतील तर त्याहून लांब बोल्ट तळाला टेकतो, टॉर्क रेंच टिकटिकते आणि कव्हर सैलच राहते. हाउसिंगचे तोंड ब्रेक क्लीनरने पुसा, भोकांच्या आतल्या बाजूने सीलंटची अखंड रेघ द्या, बोल्ट हाताने आवळा, तासाभराने समोरासमोरच्या क्रमाने टॉर्क द्या. आकडा गाडीच्या मॅन्युअलमधलाच पाळा. तो नसेल तर ८.८ ग्रेडच्या एम ८ ला २० ते २५ आणि एम १० ला ४० ते ४५ न्यूटन-मीटर. ब्रेक लाइनचा क्लॅम्प जुन्या कव्हरच्या बोल्टवर असेल तर त्याची जागा आताच करून ठेवा, लोंबती लाइन दगडाने तुटते.

सीलंट २४ तास वाळल्यावर जीएल-५ प्रतीचे, मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचे तेल भरा. लिमिटेड स्लिप (एका चाकाचे घसरणे आवरणारे) डिफरन्शियल असेल तर फ्रिक्शन मॉडिफायर या तेलात मिसळायच्या द्रव्यासह. पहिल्या खडतर फेरीनंतर कव्हर पुसून कडेने बोट फिरवा, बोल्टांचा टॉर्क आणि तेलाची पातळी पुन्हा तपासा. तेल दुधाळ दिसले तर आधी ब्रीदर तपासा: तो तुंबला की पाण्यात थंड होणारे हाउसिंग सीलमधून पाणी आत ओढते.