किशोरवयीन मुलं, लस आणि आजारानंतरचा थकवा : पालकांनो, या चुका टाळा

एप्रिल २०२४ च्या अखेरीस ब्रिटनमधून बातमी आली. आपल्या कोविडच्या लशीमुळे फार क्वचित रक्तात गुठळ्या होऊन प्लेटलेट कमी होऊ शकतात, हे ॲस्ट्राझेनेका या औषध कंपनीने कोर्टातल्या कागदपत्रांत मान्य केलं होतं. आपल्याकडे हीच लस कोव्हिशील्ड नावाने दिली गेली. मग काय, पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'मुलांची कुठली टेस्ट करून घ्यायची?' हे सुरू झालं. मुळात भारतात अठरा वर्षांखालच्या मुलांना कोव्हिशील्ड दिलीच गेली नव्हती. १५ ते १८ वयोगटाला ३ जानेवारी २०२२ पासून कोव्हॅक्सिन मिळाली आणि १२ ते १४ वयोगटाला १६ मार्च २०२२ पासून कोर्बेव्हॅक्स. शिवाय त्या गुठळ्यांचा धोका डोसनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतला. दोन वर्षांनी रक्त तपासून काय हाती लागणार?

लशीचं नाव न बघता घाबरणं

'कोविडची लस' अशी एकच लस नाही. हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा, म्हणजे मायोकार्डायटिसचा, जो धोका किशोरांबाबत गाजला, तो प्रामुख्याने फायझर आणि मॉडर्नाच्या एमआरएनए लशींचा (विषाणूचं एक प्रथिन बनवायची सूचना शरीराला देणाऱ्या लशी). त्यामुळे तो प्रश्न न्यू जर्सीतल्या किंवा लंडनमधल्या मराठी घराला खराच पडतो. नाशिकमध्ये २०२२ साली कोव्हॅक्सिन घेतलेल्या मुलाला तिकडचे आकडे लावण्यात अर्थ नाही. वाद घालण्याआधी प्रमाणपत्र उघडून लशीचं नाव आणि तारीख बघा.

तुलना शून्याशी करणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती दोन्ही बाजूंचे लोक करतात.

अमेरिकेत नोंदवलेल्या प्रकरणांवरून आलेले आकडे असे: १६-१७ वर्षांच्या मुलांमध्ये फायझरच्या दर १० लाख दुसऱ्या डोसमागे मायोकार्डायटिसची सुमारे १०६ प्रकरणं. १२ ते १५ च्या मुलांमध्ये सुमारे ७१. मुलींमध्ये मात्र फार कमी, १६-१७ वयात ११ च्या आसपास. म्हणजे मुलगा की मुलगी, वय किती, पहिला डोस की दुसरा, यावर धोका दहापट बदलतो. 'लाखात एक' म्हणून झटकून टाकणारे चुकतात, कारण १६ वर्षांच्या मुलाच्या बाबतीत तो साधारण साडेनऊ हजारांत एक होता. आणि नुसता हाच आकडा फॉरवर्ड करणारेही चुकतात, कारण कोविडच्या संसर्गानेही हृदयाला सूज येते. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये मांडलेल्या तुलनेत, १२ ते १७ वयाच्या मुलग्यांमध्ये हृदयाची गुंतागुंत दुसऱ्या डोसपेक्षा संसर्गानंतर १.८ ते ५.६ पट जास्त दिसली. यातही एक मेख आहे. ज्यांचा कोविड तपासलाच गेला नाही ती मुलं हिशेबात येत नाहीत, त्यामुळे संसर्गाचा धोका असतो त्याहून मोठा दिसू शकतो.

तज्ज्ञांचंही एकमत नव्हतं. ब्रिटनच्या लसीकरण समितीने ३ सप्टेंबर २०२१ ला १२ ते १५ वयाच्या सरसकट सगळ्या मुलांसाठी शिफारस केली नाही. दहा दिवसांनी ब्रिटनच्या चारही भागांच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी शाळा बुडण्याचं नुकसान धरून एक डोस द्यावा असं सांगितलं. पुढे अमेरिकेत दोन डोसमधलं अंतर आठ आठवड्यांपर्यंत वाढवण्याची सूचना तरुण मुलांसाठी आली, ती हाच धोका कमी करायला. त्या वेळी 'थोडं थांबू' म्हणणारे पालक लगेच लसविरोधी ठरत नाहीत, असं माझं मत.

आज मात्र २०२१ चं गणित जसंच्या तसं वापरू नका. बहुतेक मुलांना आता एकदा तरी संसर्ग होऊन गेला आहे, विषाणूही बदलला. परदेशात राहत असाल तर तिथली चालू शिफारस आणि मुलाचे दमा, मधुमेहासारखे आजार घेऊन डॉक्टरांशी बोला.

'गॅस झाला असेल'

एमआरएनए लशीनंतरच्या पहिल्या आठवड्यात, बहुधा दोन-चार दिवसांतच, मुलगा छातीत दुखतंय म्हणाला, धाप लागली किंवा धडधडलं, तर ओवा देऊन झोपवू नका. त्याच दिवशी ईसीजी आणि ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते सांगणारी रक्ततपासणी) करून घ्या. बहुतेक मुलं औषधांनी लवकर बरी होतात. पण निदान झालं तर तीन ते सहा महिने धावणं, क्रिकेट, जिम बंद. 'आता बरं वाटतंय' म्हणून मुलं चौथ्या आठवड्यात मैदानात उतरतात, आणि नेमकं तेच धोक्याचं.

सुई टोचताच चक्कर येऊन पडणं हा वेगळा प्रकार. किशोरवयात तो सर्रास दिसतो, शाळेत रांगेत लस देताना तर जास्तच. आडवं झोपवा, पाय वर करा, अर्धा तास बसवून ठेवा.

आजारानंतरच्या थकव्याला आळस समजणं

हा प्रकार कोविडने आणलेला नाही. शिकागोत ग्रंथिज्वर (मोनो, एक विषाणूजन्य आजार) झालेल्या ३०१ किशोरांचा पाठपुरावा केला, तेव्हा सहा महिन्यांनी १३ टक्के, वर्षाने ७ टक्के आणि दोन वर्षांनी ४ टक्के मुलं दीर्घ थकव्याच्या निकषांत बसत होती. आपल्याकडे चिकुनगुनियानंतर महिनोन्‌महिने सांधे दुखणारी माणसं घरोघरी आहेत, तरी मुलाचा थकवा म्हटला की 'मोबाइल कमी कर' हेच औषध.

ओळखायचं कसं? मुलगा रविवारी सकाळभर खेळतो, हसतो, जेवतो. सोमवारी उठवत नाही, मंगळवारी पुस्तक उघडलं की डोकं दुखतं. आई म्हणते, 'परवा तर चांगला होतास की रे!' श्रमानंतर एक-दोन दिवसांनी असं कोसळणं हीच खूण. दोन आठवडे वहीत लिहा: काय केलं, किती झोप, दुसऱ्या दिवशी कसं वाटलं. उभं राहिल्यावर गरगरत असेल तर आधी दहा मिनिटं झोपवून नाडी मोजा, मग दहा मिनिटं शांत उभं करून मोजा. चाळीस किंवा त्याहून जास्त ठोके वाढले तर ती नोंद डॉक्टरांना दाखवा. हळूहळू व्यायाम वाढवत नेण्याचा जुना सल्ला उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०२१ मध्ये या दीर्घ थकव्याच्या आजारासाठी (एमई/सीएफएस) मागे घेतला, तेव्हा 'रोज जॉगिंगला ने' हे ऐकू नका.

उलटी चूकही होते. इंग्लंडमध्ये ११ ते १७ वयाच्या मुलांना चाचणीनंतर तीन महिन्यांनी विचारलं, तर कोविड झालेल्यांपैकी ३० टक्क्यांना तीन किंवा जास्त तक्रारी होत्या. चाचणी निगेटिव्ह आलेल्यांपैकी १६ टक्क्यांनाही होत्या. म्हणून प्रत्येक थकव्यावर लाँग कोविडचा (कोविडनंतर महिनोन्‌महिने रेंगाळणाऱ्या तक्रारींचा) शिक्का नको. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ बघा. संध्याकाळी ताप, वजन कमी होणं असेल तर टीबी. मनाची तब्येतही. आणि कोविडनंतर दोन ते सहा आठवड्यांत ताप, पुरळ, लाल डोळे, पोटदुखी एकत्र आली तर थेट रुग्णालय गाठा.

नंतर घडलं म्हणजे त्यामुळेच घडलं

२०१० मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा इथला एचपीव्ही लशीचा (गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून बचाव करणारी लस) प्रकल्प सात मुलींच्या मृत्यूनंतर थांबवला गेला. चौकशीत सर्पदंश, बुडणं, मलेरिया अशी कारणं निघाली. त्याच चौकशीत संमतिपत्रांतला घोळही उघड झाला; पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी सह्या केल्या होत्या. पालकांचा राग त्या सह्यांवर होता, आणि तो रास्त होता.

लशीनंतर काही झालं तर आशाताई, नर्स किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवा. खासगी दवाखान्यात लस घेतली असली तरी. तारीख, लशीचं नाव, बॅच नंबर आणि त्रास सुरू झाल्याची वेळ सांगा. गंभीर प्रकरण जिल्हा समितीकडे जातं. चौकशी होऊन कारण ठरेपर्यंत ती नुसती नोंद असते, त्यामुळे तिचा फोटो ग्रुपवर टाकू नका.