सॅक पाठीवर घेऊन युरोपात: हॉस्टेलचा पलंग निवडण्यापासून चेकआउटपर्यंत

हॉस्टेल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कॉलेजचं वसतिगृह येतं. युरोपातलं हॉस्टेल वेगळं. एका खोलीत चार, सहा, आठ, कधी बारा पलंग, बहुतेक दुमजली, आणि भाडं त्यातल्या एका पलंगाचं. शेजारच्या पलंगावर कोण येणार हे तुमच्या हातात नसतं. रिचर्ड शिरमान या जर्मन शिक्षकाने पायी सहलींना निघालेल्या शाळकरी मुलांसाठी १९१२ साली आल्टेनाच्या किल्ल्यात असा कायमस्वरूपी निवारा सुरू केला. किल्ल्यावर मुक्काम टाकणं सह्याद्रीत फिरणाऱ्यांना काही नवीन नाही. आपलं अंथरूण आपण घालायचं, आपली भांडी आपण घासायची, हे हॉस्टेलचे रिवाज तिथूनच आलेले आहेत आणि आजही टिकून आहेत.

भाड्याचा आकडा पूर्ण वाचा

बुकिंगच्या साइटवर मोठ्या अक्षरांत दिसणारी रक्कम क्वचितच शेवटची असते. शहराचा पर्यटक-कर बहुधा वेगळा, तोही पोहोचल्यावर भरायचा. ॲमस्टरडॅममध्ये तो भाड्याच्या १२.५ टक्के आहे, बर्लिनमध्ये २०२५ पासून ७.५ टक्के. इटलीतल्या बऱ्याच शहरांत दर माणशी दर रात्री ठरावीक रक्कम घेतात आणि काही ठिकाणी ती रोखच मागतात, म्हणून सुटे युरो जवळ हवेत. शिवाय चादर, टॉवेल, लॉकर, न्याहारी, किल्लीचं डिपॉझिट. काही हॉस्टेलं यातलं सगळं भाड्यात धरतात, काही प्रत्येकाचे वेगळे लावतात.

समजा, शहराच्या मध्यात ३० युरोचा पलंग आहे, चादर आणि स्वयंपाकघरासह. दुसरा २२ युरोचा, पण ट्रामने जावं लागतं आणि चादरीचे एकदा ४ युरो. तीन रात्रींचा हिशेब मांडा. पहिल्याचे ९०. दुसऱ्याचे ६६, त्यावर चादरीचे ४ आणि जाण्यायेण्याचे रोज ६ धरून १८, म्हणजे ८८. वाचले दोन युरो, आणि स्वयंपाकघर नसेल तर ते पहिल्या जेवणातच गेले. हॉस्टेलमध्ये खरी बचत होते ती स्वयंपाकघरामुळे आणि पायी फिरता येण्यामुळे. पलंगाचा दर त्यानंतर पाहायचा.

हॉस्टेलवर्ल्डसारख्या साइटवर दहापैकी गुण असतात. एकूण सरासरीपेक्षा स्वच्छता, सुरक्षितता आणि ठिकाण यांचे वेगळे गुण बघा. ‘वातावरण’ या सदरात नऊच्या वर गुण असतील, तर तिथे रात्री उशिरापर्यंत बार चालण्याची शक्यता मोठी. कुणाला तेच हवं असतं, पण सकाळी सहाची गाडी असेल तर नको. अभिप्राय गेल्या दोन-तीन महिन्यांचेच वाचा आणि त्यांत ‘बेडबग्ज’ म्हणजे ढेकूण हा शब्द शोधा. बुकिंग करताना काही रक्कम डिपॉझिट म्हणून कापली जाते आणि बाकीची हॉस्टेलवर द्यायची असते. ते डिपॉझिट रद्द केल्यावर परत मिळतं की नाही, ही ओळ शोधल्याशिवाय पैसे भरू नका.

तारखांकडेही लक्ष द्या. म्युनिकमध्ये ऑक्टोबरफेस्ट हा बिअरचा महोत्सव सप्टेंबरच्या उत्तरार्धात सुरू होतो. ॲमस्टरडॅमला २७ एप्रिल हा राजाचा दिवस, एडिनबरोला ऑगस्टभर फ्रिंज महोत्सव. या काळात साध्या पलंगाचेही भाव कित्येक पट चढतात. प्रवासाचा क्रम उलटा केला तरी बरेच पैसे वाचतात.

खोली आणि पलंग

खोलीच्या नावात ‘मिक्स्ड’ असेल तर स्त्री-पुरुष एकत्र. स्वस्तातले बहुतेक पलंग असेच असतात आणि घाईत हा शब्द नजरेतून सुटतो. फक्त बायकांची खोली हवी असेल तर बुकिंगच्या वेळीच निवडा, पोहोचल्यावर मिळेलच असं नाही. वयाची अट असलेली हॉस्टेलं आहेत. पस्तिशी किंवा चाळिशी ओलांडलेल्यांना काही ठिकाणी सामायिक खोलीत घेत नाहीत, तेव्हा तो नियम आधी वाचावा.

सहा पलंगांची खोली हा चांगला मध्य. बारा पलंगांच्या खोलीत रात्री दार किती वेळा उघडतं याचा नुसता अंदाज करा. फोटोत प्रत्येक पलंगाला पडदा, दिवा आणि प्लग पॉइंट दिसतोय का ते पाहा. या तिन्हींसाठी दोन-तीन युरो जास्त गेले तरी द्यावेत, कारण पडदा ओढला की एवढ्या गर्दीतही आपली अशी थोडी जागा मिळते. गुडघेदुखी असेल तर खालचा पलंग हवा असा निरोप आधीच पाठवा. ऐकतात बऱ्याचदा.

रिसेप्शन चोवीस तास असतंच असं नाही. छोट्या हॉस्टेलांचं रात्री दहाच्या सुमाराला बंद होतं. विमान रात्री उतरणार असेल तर वेळ कळवा आणि दाराचा कोड लेखी मागवून घ्या. तो कोड इंटरनेटशिवाय दिसेल असा फोनमध्ये साठवा. खोली मिळते दुपारी दोन-तीनला, सोडायची सकाळी दहा-अकराला. मधल्या वेळात सॅक ठेवायला खोली असते, काही ठिकाणी पैसे घेतात.

डीजेएच या जर्मनीतल्या यूथ हॉस्टेल संघटनेच्या हॉस्टेलांत राहायला सभासदत्व लागतं. आपल्याकडे हिमालयातल्या सार पासच्या मोहिमांमुळे ठाऊक असलेली यूथ हॉस्टेल्स असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था यूथ हॉस्टेलांच्या त्याच आंतरराष्ट्रीय परिवारातली. तिचं कार्ड असेल तर निघण्याआधी त्याची मुदत तपासा आणि त्या हॉस्टेलला ते चालेल का ते विचारून घ्या.

व्हिसासाठी बुकिंग

युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या शेंगेन व्हिसाच्या अर्जाला प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा पुरावा जोडायचा असतो. हॉस्टेलचं बुकिंग चालतं, मात्र त्यावर नाव पासपोर्टवर आहे तसंच हवं. दोघं जात असाल आणि बुकिंगवर एकाचंच नाव आलं असेल, तर दुसऱ्याचं घालून घ्या. ज्या देशात जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून पंधरा दिवस आधीपर्यंत तो देता येतो, पण उन्हाळ्यात अपॉइंटमेंट लवकर भरतात. विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. मोफत रद्द होणारं बुकिंग थोडं महाग असलं तरी व्हिसा हातात येईपर्यंत तेच घ्यावं. सीमेवरचा अधिकारीही राहण्याचा पुरावा मागू शकतो, म्हणून पहिल्या दोन-तीन मुक्कामांची छापील प्रत जवळ ठेवा.

सॅकमध्ये काय हवं

चाळीस लिटरची सॅक पुरते आणि पलंगाखालच्या लॉकरमध्ये बहुधा मावते. कुलूप स्वतःचं न्या. भारतातलं जाड कडीचं पितळी कुलूप युरोपातल्या लॉकरच्या भोकात शिरत नाही, आणि सॅकच्या चेनचं इवलंसं कुलूप लॉकरला पुरत नाही. पाच-सहा मिलिमीटर जाडीची कडी असलेलं मधलं कुलूप घ्या. आकड्यांचं असलं तर किल्ली हरवायची भीती नाही.

टॉवेलऐवजी पंचा. भाड्याच्या टॉवेलचे पैसे वाचतात, आणि जाड टॉवेल सामायिक खोलीत रात्रभरात वाळत नाही, पंचा वाळतो. बरोबर तीन मीटर नाडा, चार चिमटे, अंघोळीला जाताना रबरी चपला, कानात घालायचे फोमचे बोळे आणि डोळ्यांवरची पट्टी. स्लीपिंग बॅग नेऊ नका. ढेकणांच्या भीतीने बऱ्याच हॉस्टेलांत ती पलंगावर पसरायला मनाई असते. संडासात कागदच असतो, पाण्याची सोय क्वचित. दाबली की धार येणारी अर्ध्या लिटरची प्लास्टिकची बाटली हा साधा उपाय.

आपल्या मोबाइल चार्जरच्या दोन बारीक गोल पिना युरोपातल्या बहुतेक सॉकेटांत बसतात, व्होल्टेजही २३०च. अडतो तो तीन पिनांचा लॅपटॉपचा प्लग. जर्मनीकडचं सॉकेट भिंतीत वाटीसारखं खोल असतं, त्यामुळे चौकोनी, जाड ॲडॉप्टर आत पोहोचत नाही. गोल तोंडाचा बघून घ्या. ब्रिटनला वेगळाच लागतो.

पोहोचल्यावर पहिली पंधरा मिनिटं

सॅक पलंगावर टाकू नका. ती न्हाणीघरातल्या फरशीवर किंवा दाराशी ठेवा आणि मोबाइलचा टॉर्च लावा. ढेकूण घाणेरड्याच जागी असतात हा गैरसमज आहे. ते प्रवाशांच्या सामानातून येतात, त्यामुळे चकचकीत हॉस्टेलातही सापडतात. चादर उचलून गादीच्या चारी कोपऱ्यांच्या शिवणी बघा, मग उशाकडची फळी, पलंगाच्या जोडांच्या फटी आणि स्क्रूची भोकं. मोठा ढेकूण सफरचंदाच्या बीएवढा, चपटा, तपकिरी असतो. तो दिसला नाही तरी शिवणीवर शाईचे असावेत तसे काळे ठिपके दिसले तर ती त्याचीच विष्ठा. ओल्या कागदाने पुसल्यावर ठिपका पसरतो.

ठिपके दिसले तर फोटो काढा आणि तसंच रिसेप्शनला जा. त्याच खोलीतला दुसरा पलंग किंवा शेजारची खोली घेऊ नका, ढेकूण भिंतीच्या फटींतून सरकतात. दुसऱ्या मजल्यावरची खोली मागा, नाहीतर पैसे परत. हे बोलणं झोपण्यापूर्वी व्हायला हवं, कारण एक रात्र काढल्यावर ते ढेकूण तुम्हीच आणले असं म्हणायला जागा राहते. चाव्याच्या गांधी काही तासांनी उठतात, कधी काही दिवसांनी, आणि बऱ्याचदा ओळीने. तसं झालंच तर सगळे कपडे ६० अंशांवर धुवून ड्रायरमध्ये पूर्ण गरम चक्रावर अर्धा तास फिरवा. इथे कंटाळा केला तर ढेकूण तुमच्या घरी, पुण्या-मुंबईला पोहोचतील आणि तिथून ते घालवणं फार कठीण.

पासपोर्ट रिसेप्शनवर दाखवावा लागतो, त्याची नोंदही होते. इटलीत पाहुण्यांची माहिती पोलिसांना कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. नोंद झाली की तो लगेच परत घ्या. किल्लीच्या बदल्यात पासपोर्ट ठेवायला सांगितलं तर रोख डिपॉझिट देऊ करा. कार्डाच्या यंत्रावर ‘रुपयांत की युरोत’ असं विचारलं तर युरो निवडा. रुपये निवडल्यास यंत्रवाल्याचा चढा दर लागतो.

रात्र

रात्री दहानंतर शांतता. पहाटे निघायचं असेल तर सॅक आदल्या संध्याकाळी भरा आणि ती उचलून बाहेरच्या बैठकीत जा. आवरणं तिथे. प्लास्टिकच्या पिशव्यांची खसखस सगळ्यांना जागं करते, त्यामुळे कपडे कापडी पिशव्यांत ठेवा. गजर कंपनावर, फोन उशीखाली. मोठा दिवा लावायचा नाही. घरी फोन करायचा तर जिन्यात जा. भारत साडेतीन-साडेचार तास पुढे असल्याने आईची सकाळ म्हणजे तिथली मध्यरात्र.

मौल्यवान वस्तू लॉकरमध्ये, आणि झोपताना पासपोर्ट व कार्डं अंगाशी. हॉस्टेलातल्या बऱ्याच चोऱ्या चार्जिंगला लावून सोडलेल्या फोनच्या. चोरी झालीच तर त्याच दिवशी पोलिसांकडून लेखी तक्रार घ्या, विमा कंपनी ती मागते. आणीबाणीचा क्रमांक ११२.

स्वयंपाकघर

इथे आपली माणसं सर्वांत जास्त वाचवू शकतात आणि चुकतातही इथेच. पहिली चूक घरूनच होते. युरोपीय संघात बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. तूप, पेढे, बर्फी, खवा सगळं त्यात आलं. ताजी फळंही नाहीत, म्हणजे हापूसची पेटी नकोच. केळी, नारळ, अननस, खजूर आणि दुरियन एवढ्यांनाच सूट. कढीपत्त्याची ताजी डहाळीही नेऊ नका. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, गोडा मसाला, भाजलेले पोहे, दूध नसलेलं उपम्याचं तयार पीठ हे कोरडं सामान सीलबंद न्या.

कुकर नसतो. तूरडाळ साध्या पातेल्यात शिजायला फार वेळ घेते आणि मागे शेगडीसाठी रांग उभी असते. मसूर डाळ घ्या, वीस मिनिटांत शिजते. तांदूळ वीस मिनिटं भिजवा, एका वाटीला दोन वाट्या पाणी घाला, उकळी आली की ताट झाकून मंद आचेवर बारा मिनिटं, मग बंद करून दहा मिनिटं तसाच. विजेची शेगडी बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते, म्हणून शेवटची पाच मिनिटं तिच्यावरच निभतात.

फोडणी जपून. मोहरी-मिरचीचा धूर अलार्मपर्यंत पोहोचला तर अख्खी इमारत रस्त्यावर येते, आणि कारण नसताना अग्निशमन दल आल्यास त्याचा खर्च तुमच्याकडे मागितला जाऊ शकतो. दार बंद, वरचा पंखा चालू, तेल मध्यम तापलेलं. खोलीत उदबत्ती किंवा पाणी तापवायची कॉइल अजिबात नाही.

फ्रिजमधल्या पिशवीवर नाव आणि निघण्याची तारीख लिहा, नाव नसलेली पिशवी टाकून देतात. ‘फ्री’ लिहिलेल्या फळीवर आधीच्या प्रवाशांचं मीठ, तेल, पास्ता असतो, तो आधी पाहा आणि मग दुकानात जा. जर्मनी-ऑस्ट्रियात रविवारी सुपरमार्केट बंद असतात, मोठ्या रेल्वे स्थानकांतली सोडून. शनिवारी संध्याकाळीच सामान भरा. शाकाहारी असाल तर सामायिक तव्यावर आधी काय भाजलं गेलं ते कळत नाही, स्वतःचं छोटं पातेलं बरोबर असलेलं बरं. नळाचं पाणी पश्चिम युरोपात बहुतेक ठिकाणी पिता येतं. जर्मनीत डबे आणि प्लास्टिकच्या बाटल्यांवर २५ सेंट डिपॉझिट असतं, रिकाम्या बाटल्या सुपरमार्केटच्या यंत्रात टाकून परत मिळवा.

निघताना चादर आणि अभ्रा काढून सांगितलेल्या टोपलीत टाका. लॉकरमध्ये आतपर्यंत हात घालून बघा, चार्जर, पलंगाच्या फटीतला चष्मा, नाड्यावरचा पंचा घ्या. स्वतःचं कुलूप काढा आणि किल्लीचं डिपॉझिट हातात पडल्याशिवाय किल्ली किंवा खोलीचं कार्ड परत देऊ नका.