नागपुरात राहून समुद्र ऐकायला शिकताना

पाण्याखालचे आवाज रेकॉर्ड करायचे तर किनाऱ्यावरच राहायला हवं, असं आपल्याकडच्या बऱ्याच मुलांना वाटतं. खरं तर या कामात बोटीवरचे तास थोडे आणि हेडफोन लावून संगणकासमोर बसायचे तास फार. तेवढं बसणं नागपुरातही जमतं.

हात बसवायचा तो तळ्यावर. मी अंबाझरी आणि फुटाळ्यावर शिकलो. हायड्रोफोन म्हणजे पाण्यात सोडायचा माइक. आतल्या पिझोइलेक्ट्रिक सिरॅमिकवर दाब बदलला की वीज तयार होते. तो नुसता सोडला तर केबल हलते आणि तिचीच खरखर रेकॉर्ड होते. म्हणून वर तरंगता डबा, मध्ये लवचिक दोरी, खाली वजन. भर उन्हात पाणवनस्पतींतून प्राणवायूचे बुडबुडे सुटतात, त्यांची टिकटिक ऐका. पाणकिड्यांची किरकिर वेगळी काढता आली की कान तयार होतोय असं समजा. फुटाळ्यावर मात्र पहाटेच जा, संध्याकाळी चौपाटीवर हेडफोन लावून बसलात तर "काय करून राहिले भाऊ?" याचंच उत्तर देत बसाल.

समुद्रात हायड्रोफोन सोडला की उथळ पाण्यात बहुधा आधी तडतड ऐकू येते, फोडणीत मोहरी टाकल्यासारखी. मलाही मालवणला आधी यंत्रच बिघडलंय असं वाटलं होतं. ती असते स्नॅपिंग कोळंबी. ती नांगी इतक्या झटक्यात मिटते की पाण्याच्या झोतात बुडबुडा तयार होतो, आणि आवाज होतो तो बुडबुडा कोसळल्याचा. या गोंगाटातून बाकीचे प्राणी शोधायचे. इंजिन बंद करायला नावाड्याला आधीच सांगून ठेवा.

रेकॉर्डर घेताना सॅम्पलिंग रेट बघा, म्हणजे तो सेकंदाला आवाजाचे किती नमुने टिपतो ते. ४८ किलोहर्ट्झवर २४ किलोहर्ट्झपर्यंतचेच आवाज सापडतात. डॉल्फिनच्या बऱ्याच शिट्ट्या त्यात येतात, पण त्यांचे क्लिक १०० किलोहर्ट्झच्याही वर जातात. निळ्या देवमाशाचं उलट: त्याची साद १०० हर्ट्झच्या खाली, साध्या हेडफोनवर जेमतेम कळणारी. ती स्पेक्ट्रोग्रामवर, म्हणजे कुठल्या वेळी कुठली कंपनं आहेत ते दाखवणाऱ्या आवाजाच्या चित्रावर, डोळ्यांनीच वाचावी लागते. त्यासाठी ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट आहे, तेवढं पुरतं.

हवेतले आणि पाण्यातले डेसिबल एका तराजूत तोलू नका. डेसिबल ज्या दाबाच्या तुलनेत मोजतात तो संदर्भदाब हवेत २० मायक्रोपास्कल धरतात, पाण्यात १. म्हणून दोन्हीकडचा सारखा आकडा म्हणजे सारखा आवाज नव्हे. बातम्यांत देवमाशाची तुलना जेट विमानाशी होते ती याच घोळातून.

पदवी कुठली, हे मला सगळे विचारतात. भौतिकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, प्राणिशास्त्र, काहीही चालेल. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा मात्र शिकाच. गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था किंवा चेन्नईची राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्था, कुठेही इंटर्नशिपसाठी लिहिताना नुसती मार्कशीट पाठवू नका. तळ्यातलं दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग जोडा: तारीख, वेळ, खोली, गेन (रेकॉर्डरवर आवाज किती वाढवला ते) लिहिलेलं, आणि कुठल्या सेकंदाला काय वाजतंय त्याची यादी. ओळखू न आलेल्या आवाजांपुढे प्रश्नचिन्ह टाका. मुलाखतीत बोलणं बहुतेक त्यांच्यावरच होतं.