जर्मन भाषकांच्या देशांत कार्ड टॅप करून पैसे कसे द्यावेत आणि गल्ल्यावरचे शब्द कसे ओळखावेत

जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड या तिन्ही देशांत कार्ड टॅप करण्याचे यंत्र एकसारखेच चालते. गल्ल्यावर ऐकू येणारे शब्द मात्र प्रांतागणिक बदलतात. व्हिएन्नातील एका बेकरीत मला ‘मिट बांकोमाट?’ असे विचारण्यात आले, तेव्हा बांकोमाट म्हणजे एटीएम एवढेच ठाऊक असल्याने, रोकड काढून आणायला सांगत आहेत असे समजून मी दाराकडे वळले होते. काउंटरमागच्या बाईंनी यंत्र माझ्यापुढे सरकवले, तेव्हा उलगडा झाला. तिथे बँकेच्या डेबिट कार्डाला ‘बांकोमाटकार्टे’ म्हणतात आणि बोलताना नुसते ‘बांकोमाट’ म्हटले तरी ‘कार्डाने देणार का’ असाच त्याचा अर्थ होतो.

पहिले काम घरूनच करावे. रिझर्व्ह बँकेच्या 2020 मधील नियमांनुसार नवे भारतीय कार्ड सुरुवातीला फक्त देशातील एटीएम आणि दुकानांतील यंत्रांपुरते चालू असते. त्यामुळे बँकेच्या ॲपमध्ये जाऊन परदेशातील वापर आणि टॅप करण्याची सोय, अशा दोन्ही गोष्टी स्वतः सुरू कराव्या लागतात. कार्डावर चार कमानींची खूण आहे ना, हे पाहावे आणि पिन पाठ असू द्यावा.

दुकानात शिरताना दारावरची पाटी वाचावी. ‘नूर बार’ असे लिहिलेले असेल, तर तिथे फक्त रोख चालते. जर्मनीत ‘एत्से-कार्टे’ हा शब्द अजूनही सर्रास वापरला जातो. तो जुन्या युरोचेक कार्डाचा अवशेष असून त्या देशी डेबिट कार्डाचे 2007 पासूनचे नाव ‘जिरोकार्ड’ असे आहे. एखादे लहान दुकान तेवढेच कार्ड घेते आणि आपले व्हिसा किंवा मास्टरकार्ड नाकारते, म्हणून माल घेण्याआधी ‘नेमेन झी व्हीझा?’ असे विचारून घ्यावे.

त्यानंतर मागणी नोंदवावी, आणि खरी गंमत इथेच आहे. साध्या गोल पावाला जर्मनीच्या बऱ्याच भागांत ‘ब्रोटशेन’ म्हणतात, पण बर्लिनमध्ये ‘श्रिपे’, म्युनिक आणि व्हिएन्नात ‘सेमेल’, तर श्टुटगार्टकडे ‘वेक्ले’ हा शब्द कानी पडतो. स्वित्झर्लंडमध्ये दुधाच्या मऊ पावाला ‘वेग्ली’ म्हणतात. पैसे घेण्याआधी पिशवी हवी का, हेही विचारतात. ती जर्मनीत ‘ट्यूटे’ असते, ऑस्ट्रियात ‘साकर्ल’ आणि स्वित्झर्लंडमध्ये ‘सेक्ली’. नको असल्यास ‘नाइन, डांके’ म्हणावे. स्थानिक शब्द वापरलाच पाहिजे असे नाही, तो ओळखता आला तरी पुरे. मात्र व्हिएन्नात ‘सेमेल’ मागितली की समोरच्या चेहऱ्यावर जी आपुलकी उमटते, तिच्यासाठी एवढे कष्ट जरूर घ्यावेत.

आता रक्कम ऐकावी. इथे मराठी माणसाला घरचाच आधार आहे. आपण ‘सत्तेचाळीस’ म्हणताना आधी सात आणि मग चाळीस म्हणतो, तसेच जर्मनमध्येही ‘झीबन-उंट-फिर्त्सिश’ म्हणतात. दक्षिणेकडे शेवटचा उच्चार ‘त्सिक’ असा होतो, तेवढ्याने गोंधळू नये. युरो आणि सेंट हे शब्द बहुधा गाळले जातात; ‘ड्राय फ्युन्फ्त्सिश’ म्हणजे तीन युरो पन्नास सेंट.

‘मिट कार्टे, बिट्टे’ म्हणून कार्ड यंत्राच्या खुणेजवळ धरावे आणि आवाज येईपर्यंत हलवू नये. जर्मनी व ऑस्ट्रियात साधारणपणे 50 युरोंपर्यंत आणि स्वित्झर्लंडमध्ये 80 फ्रँकपर्यंत पिन लागत नाही. लागोपाठ काही लहान रकमा दिल्यावर यंत्र मध्येच पिन मागते, ती सुरक्षिततेची तरतूद आहे, कार्डाचा बिघाड नव्हे. ‘श्टेकन’ असे ऐकू आल्यास कार्ड यंत्रात खोचावे. फोनने पैसे देणार असाल, तर फोन आधी अनलॉक करून मग धरावा. पडद्यावर रुपये की युरो असा पर्याय आला, तर युरोच निवडावेत. रुपयांचा पर्याय घेतल्यास यंत्रामागची कंपनी स्वतःचा दर लावते आणि तो सहसा महाग पडतो.

पडद्यावर ‘त्सालुंग एरफोल्क्ट’ उमटले, म्हणजे पैसे गेले. पावतीला जर्मनीत ‘बॉन’, ऑस्ट्रियात बहुधा ‘रेश्नुंग’ आणि स्वित्झर्लंडमध्ये ‘क्विटुंग’ म्हणतात. ऑस्ट्रियात 2016 पासून ग्राहकाने पावती घेऊन दुकानाबाहेर पडेपर्यंत ती जवळ ठेवणे बंधनकारक आहे, म्हणून तिथे ती काउंटरवर सोडून येऊ नये.

उपाहारगृहात क्रम थोडा वेगळा असतो. वेटर ‘त्सुझामन ओडर गेट्रेंट?’ म्हणजे बिल एकत्र की वेगवेगळे, असे विचारतो. टीप द्यायची असेल, तर रक्कम यंत्रात भरण्याआधीच सांगावी लागते: बिल 18.40 युरो झाले असेल, तर ‘त्स्वान्त्सिश, बिट्टे’ म्हणावे, वेटर 20 हा आकडा दाबेल आणि मगच कार्ड पुढे करावे.